मामांचा हात

मामांच्या गावाहून, मुरब्याहून, मासळी घेऊन येणारी बाई त्या सकाळी टोपली न उतरवताच म्हणाली, "तुजा मामा गेला गं." माझ्या हातात नवाकोरा रोलर होता. आदल्याच दिवशी तिच्याकडेच मी मामांना निरोप धाडला होता... रविवारी खोली रंगवायला येऊ नका, बोईसरहून रोलर आणलाय, माझं मी बघीन. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्यावरूनच म्हणत असतील.

मामा होड्या रंगवायचे. सत्तरचं दशक सरता सरता आम्ही सालवडला बिऱ्हाड केलं, तेव्हा आमची खोली त्यांनीच रंगवली, होडीच्या उरलेल्या निळ्या तेलरंगाने. ब्रश आणायला मी बरोबर गेले होते. नवा ब्रश ते गालावरून फिरवून बघत. टोचला की परत. दुकानदार म्हणाला, काका, दाढी करताय की काय? मामांनी पुढचा ब्रश गालाला लावला. सात-आठ ब्रश झाल्यावर एक चार इंची पसंत पडला. रोलर दाखवला, तर म्हणाले, भिंतीवर पोळ्या लाटायच्यात का? लाटणं खड्ड्यावरून उडी मारून जातं, ब्रश खड्ड्यात उतरतो. मग मामांनी वरून खाली असे सरळ पट्टे ओढले, की गवंड्याने ओळंबा लावून बघावं. पुढे बारा-तेरा वर्षं त्या भिंतीला कुणी हात लावला नाही.

तेरावं झाल्यावर मी त्या निळ्यावर पांढरा डिस्टेंपर फिरवला, रोलरनेच. खरं सांगायचं तर मला ती भिंत नजरेआड करायची होती. मामा माझ्यावर रुसून गेले, हे काही केल्या मनातून जाईना. चार दिवसांत पापुद्रे सुटले. दुकानदार म्हणाला, तेलरंग घासल्याशिवाय त्यावर डिस्टेंपर धरत नाही. म्हणजे चूक माझीच. पण डिस्टेंपर सुटला होता पट्ट्यापट्ट्यांनी, बरोबर चार इंची, आणि आतले निळे पट्टे वेडेवाकडे, थरथरलेले... शेजारीण बघायला आली ती दारातूनच परतली.

महिन्याभराने मामी आली. मी पाणी द्यायच्या आधीच विचारून टाकलं, मामा रागावले होते का माझ्यावर?

"रागावतात कशाला? दिवाळीपासून हात कापत व्हता त्यांचा. तुला सांगायची लाज वाटत व्हती. तुजा निरोप आला नि म्हणाले, सुटलो."

मला रडूच कोसळलं. मामी उठून भिंतीपाशी गेली. एका पट्ट्यावर बोट ठेवून वरून खालपर्यंत हळूहळू फिरवत राहिली.

"हे कदी रंगवलं त्यांनी?" ती म्हणाली. "हा तर आताचा हात हाय."

भिंत अजून तशीच आहे. त्या खोलीत मी तिच्याकडे पाठ करून बसत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू... पण मामांकडे पाठ तरी कशी करायची?