पडदा जप्त, डबा मोकळा

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं आणि मग छाती फुगते. घरचे म्हणतात, ही गोष्ट सांगताना बाबा दर वेळी बोटभर उंच होतात.

दोंडाईच्याला माझी नेमणूक होती. इंटरनेट गावात नुकतंच आलं होतं, म्हणजे स्टेशन रोडवरच्या एकुलत्या कॅफेत येऊन बसलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून ते किंचाळत यायचं आणि मध्येच कुणाचा फोन आला की निघून जायचं. तार एकाच मशीनला जोडलेली. बाकीच्यांवर पोरं गेम खेळत. आमच्या ठाण्यातली सर्वांत आधुनिक वस्तू म्हणजे वायरलेस सेट, आणि त्यालाही आमचे हवालदार नाना थापट्या मारून जागं करत.

एका सकाळी गाद्या भरणारे चाचा मुलीला घेऊन ठाण्यात आले. मुलीला पुण्याच्या एका रुग्णालयात नर्सिंगची जागा मिळाली होती. आणि तिच्याच ई-मेलवरून तिथे निरोप गेला होता, 'घरच्या अडचणीमुळे प्रवेश नको.'

"मी पाठवलाच नाही, साहेब," मुलगी म्हणाली. "फोन केला तर म्हणतात, सोमवारपर्यंत पोलिसांचा दाखला द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला."

चाचा म्हणाले, "कागदावरची चिठ्ठी असती तर अक्षर ओळखलं असतं. याला ना अक्षर, ना टपालाचा शिक्का. साहेब, धरणार कुणाला?"

मलाही नेमकं हेच विचारायचं होतं. पण अंगावर वर्दी होती, म्हणून चेहरा गंभीर केला आणि तक्रार नोंदवून घेतली.

कॅफेवाल्या भाऊंनी पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकलं की गावात प्रत्येकाचा ई-मेल तेच उघडून देतात. पासवर्ड? "बठ्ठासले एकच शे, साहेब. गावनं नाव. कोणी विसरत नाही."

"म्हणजे कोणीही कोणाचाही उघडू शकतो?"

"आजवर कोणी उघडला नव्हता ना!"

"मेल कुठं दिसतो?"

भाऊंनी पडद्याकडे बोट केलं. झालं! नानांनी टीव्हीसारखा तो पडदा उचलला. दोन पंच बोलावले, पांढरं कापड गुंडाळलं, लाखेचं सील ठोकलं. भाऊ टेबलाखालचा डबा दाखवून काही सांगू लागले, तर नाना गरजले, "पंचनामा चालू असताना मध्ये बोलायचं नाही!" मीही करारी मान हलवली. जीपमध्ये पडदा मांडीवर घेऊन नाना कण्हले, "साहेब, टीव्ही तं भलता जड शे."

"पुरावा जडच असावा," मी म्हणालो.

दुपारी भाऊ मागच्या दाराने ठाण्यात आले. "साहेब, रागावू नका. कॉम्प्युटर क्लासचे सर आले होते. पोट धरून हसले. म्हणे, पोलिसांनी तोंड नेलं, पोट इथंच राहिलं. मग म्हणाले, घरून पडदा आणतो, मला त्या डब्यावर घटकाभर बसू द्या. इंटरनेटची लाईन नको म्हणे."

आधी मला राग आला. मग वाटलं, लाईन नको, तर गावातली सगळी मशीनं सोडून माणसाला तोच डबा कशाला हवा?

सरांना मानाने चहाला बोलावलं. टेबलावर सीलबंद पडदा ठेवला होता. मी हात जोडून म्हणालो, "सर, आम्ही अडाणी. मेल या पडद्यात आहे. तज्ज्ञ येऊन बाहेर काढणार आहेत."

शिकवणाऱ्या माणसाला चुकीचं ऐकवत नाही. सर उसळले, "अहो, पडद्यात काही नसतं! लाईन मिनिटावर चालते, म्हणून माणूस मजकूर आधी टाईप करून ठेवतो आणि मग लाईन जोडून पाठवतो. मजकूर खाली डब्यात राहतो!"

"पण पाठवणाऱ्याने तो पुसला असेल की."

"कुठला पुसतोय? लाईट गेली होती!"

हे बोलून सर स्वतःच दचकले. नानांनी पेनाचं टोपण काढलं. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्यांनी हात लावला नाही. जागेसाठी पुढचा नंबर त्यांच्या मेहुणीचा होता. नव्या पंचांसमोर तो डबा चालू केला. 'घरच्या अडचणीमुळे' तिथे जसंच्या तसं होतं.

वरिष्ठांनी शाबासकी दिली, "पडदा उचलून आरोपीला गाफील ठेवलंत, उत्तम डाव!" मी नम्रपणे खाली बघितलं.

टपालाने दाखला सोमवारच्या आत पोचणार नव्हता. म्हणून तार दुसऱ्या मशीनला जोडून आमच्या ठाण्याचा पहिला ई-मेल त्याच कॅफेतून गेला. मी जावक क्रमांकासकट मजकूर सांगितला, मुलीने टाईप केला. नाना गोल शिक्का घेऊन उभे. "साहेब, पडद्यावर मारू का?"

संध्याकाळी उत्तर आलं. मुलीने मोठ्याने वाचलं, "आपली जागा कायम आहे. वेळेवर हजर व्हावे." चाचांनी ते पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्यांदाही लावलं. गेम खेळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे इंटरनेट खिशात आलं, गुन्हेही त्याच्याबरोबर आले. पण तपासाचा धडा मला तेव्हाच मिळाला होता. यंत्र कितीही हुशार असो, ते चालवणाऱ्याला आपली हुशारी दाखवल्यावाचून राहवत नाही. आपण फक्त ऐकत बसायचं.

दुसरा धडा मुलीने दिला. उत्तर वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता पासवर्ड मी बदलणार. बठ्ठे तिकडे तोंड करा." भाऊ वळले, चाचा वळले, नाना शिक्क्यासकट वळले. उभ्या नोकरीत मी माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्या संध्याकाळी टोपी सावरून मी स्वतः उभा राहिलो, आणि ती "झालं" म्हणेपर्यंत हललो नाही.