बाप अंडी हलवतोय, मशीन थांबवा

“इम्रान, तुझं मशीन तासभर बिघडू शकेल का?”

हे मी मराठीत विचारलं, कारण आमच्या दोघांच्या मधोमध माझे बॉस, चौहान सर, उभे होते.

“ताई, कंपनीने मला मशीन चालवून दाखवायला पुण्याहून पाठवलंय,” इम्रान हसरा चेहरा ठेवून म्हणाला. “बिघडवून दाखवायला नाही.”

“क्या कह रही हैं?” चौहान सरांनी विचारलं.

“पूछ रही हैं, सब ठीक है क्या. मैंने कहा, बिल्कुल ठीक.”

दिल्लीत मराठी माणूस भेटला की आधी आनंद होतो आणि मग लगेच त्याचा उपयोग सुचतो. चारचौघांत उघडपणे कट रचता येतो, ही सोय पुण्यात राहणाऱ्यांना कधी कळायची नाही.

मी यमुनेवर काम करते. नदीतले पक्षी, कासवं, मासे टिकावेत हे बघायचं आणि बाहेरून येऊन त्यांच्या उरावर बसलेल्या वनस्पती काढायच्या, अशी नोकरी आहे. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही इन्व्हेजिव्ह म्हणतो. म्हणजे पाहुणा म्हणून आला आणि घरमालकालाच बाहेर काढून बसला. त्यातली सर्वांत चिवट म्हणजे जलपर्णी. माझा जन्म दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलातला, शिक्षणही सगळं इथलंच, त्यामुळे मी तिला जलकुंभी म्हणायचे. इम्रान शेखने आल्या आल्या मला सुधारलं. “जलपर्णी म्हणा ताई. आमच्या मुठा नदीत एवढी आहे की शब्द विसरायची सोयच नाही.”

फुलं सुंदर, जांभळी. पण पंधरवड्यात दुप्पट पसरते, पाणी झाकून टाकते, खाली ना ऊन जातं ना हवा. मासे गुदमरतात. हाताने काढायला माणसं लावली तर पुढचं टोक काढेपर्यंत मागचं उगवतं. म्हणून ओखल्याजवळच्या आमच्या एका शांत कोपऱ्यासाठी हार्वेस्टर मशीन आलं होतं. होडीला पुढे दातेरी पट्टा लावलेला. पट्टा फिरतो, जलपर्णी कापतो आणि ओढून पोटात घेतो. इम्रान त्या कंपनीचा इंजिनिअर. आज उद्घाटन होतं. खात्याच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. त्यांची भेट दोनदा रद्द झाली होती, त्यामुळे चौहान सर सकाळपासून घामाने ओले होते.

आणि मला मशीनच्या बरोबर समोर घरटं दिसलं होतं.

कमळपक्ष्याचं. पावसाळ्यात हा पक्षी नवरदेवासारखा नटतो. पांढरे पंख, मानेवर सोनेरी पट्टा, लांब काळी शेपटी. पायाची बोटं एवढी लांब की पानांवरून चालतो आणि बुडत नाही. घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर टाकलेल्या चार काड्या. त्यात चार अंडी, तांब्याच्या रंगाची, चकचकीत, टोकाकडे भोवऱ्यासारखी निमुळती. त्यांवर बसला होता तो बाप. या पक्ष्यांत आई अंडी घालते आणि दुसरा संसार मांडायला निघून जाते. उबवणं, राखणं, पिल्लं वाढवणं, सगळं बापाकडे.

आमचं संरक्षणाचं काम ज्या पक्ष्यासाठी, तोच आमच्या शत्रूच्या अंगणात बिऱ्हाड करून बसला होता. मशीन पाण्यात जिथे उतरवलं होतं तिथून बाहेर पडायची वाटही तीच.

मी चौहान सरांना दाखवलं.

“तो घोंसला उठाके साइड में रख दो,” ते म्हणाले.

“सर, हात लावणं गुन्हा आहे, आणि हात लावला तर तो अंडी सोडून जाईल,” मी हिंदीत समजावलं.

“यार, मैडम दोबारा नहीं आएँगी. इस सीज़न मशीन नहीं चली तो पूरा पानी ढक जाएगा. फिर कौन सी चिड़िया बचेगी?”

त्यांचं चुकत नव्हतं, हाच तर वैताग होता. पण ती चार अंडी पट्ट्याखाली जाणार होती. मी दुर्बीण परत डोळ्यांना लावली. आणि मग बापाने जे केलं ते बघून मी जवळजवळ किंचाळलेच.

तो उठला. एक अंडं चोचीने ओढून छातीशी धरलं आणि मागे मागे चालायला लागला.

मी हे फक्त वाचलं होतं. घरट्याजवळ गडबड झाली की हा पक्षी कधी कधी अंडी एकेक करून दुसरीकडे नेतो. पलीकडे पाणकणसाच्या बेटाला लागून त्याने हिरव्या पानांचा नवा ढीग जमवला होता. ते बेट आम्ही राखायचंच होतं, मशीन तिथे जाणार नव्हतं. म्हणजे काठावर उद्घाटनाच्या मांडवाचे खांब ठोकायला लागल्यापासूनच पठ्ठ्याने घर बदलायचं ठरवलं असणार! त्याला फक्त वेळ हवा होता आणि शांतता.

म्हणून मी इम्रानकडे धावले होते.

मी त्याच्या हातात दुर्बीण दिली. “दोन मिनिटं बघ. मग नाही म्हण.”

त्याने बघितलं. पक्षी एका पानावरून दुसऱ्या पानावर उलटा उतरत होता, अंडं छातीशी. इम्रानने दुर्बीण परत दिली, मशीनवर चढला, एक झाकण उघडलं आणि काहीतरी काढून खिशात घातलं.

“सर,” तो गंभीर आवाजात म्हणाला, “हायड्रोलिक में थोड़ा इशू है.”

चौहान सरांनी डोक्याला हात लावला. त्याच क्षणी मॅडमची गाडी आली.

पुढचा भाग आठवला की मला अजून हसू आवरत नाही. मॅडम उतरल्या, हार नाकारला, घड्याळ बघितलं. “क्या प्रॉब्लम है?”

“हायड्रोलिक,” चौहान सर म्हणाले.

“हायड्रोलिक,” इम्रान म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी दुर्बीण गळ्यात घालून लाल चेहऱ्याने उभी. मला खोटं जमत नाही. मी दुर्बीणच पुढे केली आणि म्हटलं, “मैडम, एक बाप घर शिफ्ट कर रहा है. दूसरा अंडा चल रहा है.”

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मांडवात लाउडस्पीकरवाला “हेलो, चेक, चेक” करत होता. मॅडमनी दुर्बीण न काढता नुसता हात वर केला. चेक बंद झालं.

“माँ कहाँ है?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मॅडम एवढ्या खुश झाल्या की पहिल्यांदा हसल्या. “सीखिए, चौहान जी.”

चौहान सरांनी दुर्बीण मागून घेतली ती परत द्यायलाच तयार होईनात. दोन मुलींचा बाप माणूस. कुजबुजत कॉमेंट्री सुरू झाली. “उठाया... पीछे आया... अरे, अरे, पत्ता डूब रहा है... सँभल के, भाई... पहुँच गया!” मागे सगळा स्टाफ टाचा उंचावून उभा. टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून सगळ्यांनी नुसते हात हलवले.

तिसरं अंडं अर्ध्या वाटेवर असताना कावळा आला.

तो मांडवाच्या बांबूवर बसला आणि मान वाकडी करून मागे उरलेल्या एकट्या अंड्याकडे बघायला लागला. ओरडलं तर बाप उडणार. दगड मारता येत नाही. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात चौहान सरांनी व्हीआयपी टेबलावरची प्लेट उचलली आणि एक समोसा लांब, पलीकडच्या काठावर भिरकावला.

कावळा गेला! आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण दिल्लीचा कावळा एकटा थोडाच जेवतो? त्याने काव काव करून सगळा गोतावळा बोलावला. बघता बघता डझनभर कावळे डोक्यावर.

“सर, आता काय?” मी म्हटलं.

“पार्किंग!” मॅडम म्हणाल्या. “समोसे पार्किंग में ले जाओ, सब के सब!”

आणि मग खात्याचे अधिकारी, हातात समोशांचे ट्रे घेऊन, पावलांचा आवाज न करता पार्किंगकडे पळत सुटले. वरून कावळ्यांची वरात. सर्वांत पुढे चौहान सर, सफारी सूटमध्ये, दर चार पावलांवर एक समोसा मागे टाकत. मॅडम तोंडावर रुमाल दाबून एवढ्या हसत होत्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. इम्रान मशीनवर पालथा पडून हसत होता. मी दुर्बिणीतून बघत होते, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला काहीच दिसत नव्हतं.

डोळे पुसून परत बघितलं तेव्हा बाप चौथं अंडं घेऊन निघाला होता. मध्ये पाण्याची एक फट होती. तिथे तो थांबला. पाय टाकला, मागे घेतला. परत टाकला. माझ्या शेजारी मॅडम होत्या, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. अंडं पाण्यात गेलं. ते तरंगलं! त्याने चोचीने ढकलत, छातीने सावरत ते पलीकडे नेलं, ढिगावर चढवलं आणि चारही अंड्यांवर पंख पसरून बसला.

मी उडीच मारली. काठावरच्या चिखलात, मोठ्या मॅडमच्या शेजारी, एवढी वर्षं नोकरी झालेली बाई.

मॅडम इम्रानकडे वळल्या. चेहरा पुन्हा सरकारी. “आपका हायड्रोलिक अब कैसा है?”

“मैडम, अभी अभी ठीक हुआ,” इम्रान खिशात हात घालत म्हणाला.

मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. पट्टा फिरला, जलपर्णी कराकरा पोटात गेली आणि मागे स्वच्छ पाणी उघडं पडत गेलं. चौहान सर पार्किंगमधून रिकामे ट्रे घेऊन परत आले, बुटांना बटाटा लागलेला. त्यांनी पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारला नाही. “चौथा?” म्हणाले. मी मान हलवली, तर त्यांनी ट्रे खाली ठेवून मला मिठी मारायला हात पसरले, मग भान येऊन इम्रानला मारली.

पुढे चारांपैकी तीन अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. ती बातमी मी फोनवर दिली तेव्हा सरांनी ऑफिसात पेढे वाटले. आता पावसाळ्यात कुठेही मशीन पाण्यात उतरवायचं असलं की त्यांचा मला फोन येतो आणि ते एवढंच विचारतात, “पिताजी से पूछ लिया?”

जलपर्णी शत्रू आहे, यात शंका नाही. ती काढायलाच हवी. फक्त शत्रूच्या घरात आपलंच कुणी भाड्याने राहत असेल, तर आधी त्याला सामान हलवू द्यावं.