हात चालतो म्हणून

गजगे खेळताना मी गल्लीत कुणालाच हार गेले नाही. गेले असते तर बरं झालं असतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही मंगळवेढ्याकडून सोलापुरात आलो. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी दाराबाहेरच्या फरशीवर गजगे मांडायच्या, त्या करड्या, टणक बिया. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत उरलेले चार उचलायचे आणि वरचा झेलायचा. मी गप्पा मारता मारता झेलायची.

आई उंबऱ्यात विड्या वळत बसायची. एकदा मला खेळताना बघून शेजारणीला म्हणाली, "पोरीचा हात लई चालतोय की!" मी केवढी फुशारले! चार दिवसांत माझ्याही मांडीवर सूप आलं. त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा. सहावीतली शाळा तिथंच सुटली. आईला बोल लावून काय करू? वडिलांचा माग निम्मे दिवस बंदच असायचा.

विड्या वळून आधी मान जाते, मग खांदे, शेवटी बोटं. तंबाखूच्या वासानं भूक मरते. पोरी हाक मारायच्या, "येतीस का गं?" पण मला मूठ उघडायचाही कंटाळा यायचा.

दोन वर्षांनी धाकटी बहीण त्याच फरशीवर बसू लागली. तिसरीत होती. पाचही गजगे उलट्या हातावर अलगद झेलायची. मला ते कधी धड जमलं नव्हतं. एके दिवशी आईचे हात थांबले. ती बहिणीकडे टक लावून बघत होती. ती नजर मी ओळखली.

"आई, तिच्याकडं काय बघतीस? हात लई जड हाय तिचा. परवा माझ्या सुपातली पानं फाडून ठेवली."

साफ खोटं. पण विड्यांच्या बाबतीत आई आता माझं ऐकायची. "व्हय?" म्हणाली आणि पुन्हा वळायला लागली.

बहीण ताडकन उठली. "मी कवा हात लावला गं अक्का? खोटारडी!" गजगे गटारात भिरकावून ती घरात गेली.

तिची शाळा सुटली नाही. मॅट्रिक झाली, नोकरीला लागली. अजूनही म्हणते, "अक्काला माझं जिंकणं बघवलं नाही." खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला बसले तर सगळंच सांगावं लागेल, आणि तिचं म्हणणं निम्मं खरं आहे.