खिसा रिकामा, डोक्याला फेटा

माझा नवरा कोर्टात लई चांगलं रडला. आधी नाक ओढलं, मग नसलेला रुमाल खिशात शोधला, मग आवाज खाली आणून म्हणला, "मॅडम, दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करून खायलोय. माझंच पोट भरंना, हिला कुठून देऊ?"

ही नक्कल मला आता पाठ झाली हाय. शाळेत मी हेडमास्तरची करायची, लग्नकार्यात आत्याची, आता ह्याची करते. गल्लीतल्या बाया हसून लोळतात. मला मातर हसू येत न्हाई. करताना राग येतो, आणि केल्याबिगर राहवत न्हाई.

घटस्फोट झाला व्हता. अडलं व्हतं पोटगीवर, आणि पोटगी म्हणजे माझ्या लेकीची शाळा. मी इकडं कर्नाटकात, आळंदला ब्लाउज शिवते. त्यात खोलीचं भाडं निघतं, दोघींचं जेवण निघतं. फी निघत न्हाई.

लग्न जमवताना त्याच्या घरच्यांनी सांगितलं व्हतं, पोरगा बीदरला कोळारच्या कंपनीत सुपरवायझर हाय. सोमवारी पहाटे निळा ड्रेस घालून, छातीला बिल्ला लावून निघायचा, शनवारी यायचा. चार वर्षं मी तो ड्रेस धुतला. त्याला कधी तेलाचा डाग न्हाई, का काळं न्हाई. मला वाटायचं, सुपरवायझर हाय, हात कशाला घाण करील! एवढी मी हुशार.

मग लेकीला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि ह्याचा फोन तीन दिवस बंद. आईला तिच्यापाशी बसवलं आणि मी बसनं बीदर गाठलं, तिथनं रिक्षानं कोळार. कंपनीच्या गेटवर वॉचमनला फोटो दाखवला.

"असा माणूस इथं न्हाई, अक्का."

"अण्णा, नीट बघा की. ड्रेस बघा."

त्यानं नीट बघितलं. "आमचा ड्रेस खाकी हाय. हा निळा कुणीबी शिंप्याकडनं शिवून घेईल."

शिवून घेईल! आणि मी घरात मशीन घेऊन बसलेली. मलाच टाकायचा व्हता की शिवायला, शिलाई तरी वाचली असती.

सुपरवायझर सापडला उमरग्यात. तिथं दुसरं घर, दुसरी बायको, तुरीचा धंदा आणि दोन टेम्पो. इकडं कर्नाटकात ह्याचं गरिबाचं रेशनकार्ड, तिकडं महाराष्ट्रात टेम्पो त्या दुसरीच्या नावावर. हद्दीवरची माणसं दोन्हीकडं पाय ठेवूनच जगतात. आमचे मामा तिकडं, शेत इकडं, दवाखाना सोलापुरात. त्यात काई वाईट न्हाई. ह्यानं मातर दोन्हीकडं बायका ठेवल्या आणि दोघींनाबी अंधारात ठेवलं.

आमची वकीलबाई सरळ बोलणारी. म्हणली, "खोटं बोलायलाय हे मलाबी कळायलंय, जजबाईलाबी कळत असंल. पर कागदावर त्याचं काहीच न्हाई गं. दाखवायचं काय?"

दाखवायला काई नव्हतं. तारखेवर तारीख पडत गेली. जूनमधी शाळेनं सांगितलं, मागची फी भरा न्हाईतर नाव काढा. मी नाव काढलं. घरी येताना लेक म्हणली, "आई, माझा बेल्ट त्यास्नी परत द्यायचा का?" बेल्टवर शाळेचं नाव व्हतं ना. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. आणखी बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या, आणि ती ऐकायला बाजूला.

आता त्याच्या गावच्या जत्रेचं सांगते. आमच्याकडं जत्रेत कुस्त्या लागतात. शेवटच्या मोठ्या कुस्तीचं बक्षीस जो देतो, त्याला फेटा बांधतात, हलगी लावून फडात नेतात, पैलवानांचे हात मिळवून सलामी त्याच्या हातानं लावतात. आणि माइकवरचा माणूस त्याचा सगळा धंदा गावाला ऐकवतो. मुकाट्यानं कुणी बक्षीस देत न्हाई. मुकाट्यानं द्यायचं तर द्यायचं कशाला?

माझी नणंद मला ब्लॉक करायची इसरली व्हती. भावाचं कवतिक लई तिला. तिनं स्टेटसला व्हिडिओ टाकला. गुलाबी फेटा, गळ्यात हार, दोन पैलवानांच्या मधी माझा गरीब हमाल. आणि माइक घसा फाडून:

"ऐकाऽऽ मंडळी! शेवटची कुस्ती, एकावन्न हजार! देणारे आपल्या गावचे सुपुत्र, तुरीचे नामांकित व्यापारी, दोन गाड्यांचे मालक! रोख, जाग्यावर रोख!"

स्टेटस दुसऱ्या दिवशी उडतं. मी शेजारणीचा मोबाइल मागून घेतला आणि त्यावर सगळं शूटिंग केलं. एकावन्न हजार! माझी लेक बेल्ट परत द्यायचा का इचारती, आणि हा पैलवानांचे हात मिळवायलाय.

पुढच्या तारखेला वकीलबाईनं ते दाखवलं. जजबाईनं दोनदा बघितलं. मग कानडीत त्याला इचारलं, हे काय?

"मॅडम, पैसे मित्राचे व्हते. मी नुसता उभा ऱ्हायलो."

"पैसे मित्राचे, तर फेटा तुमच्या डोक्याला कसा?"

ह्या टायमाला तो रडलासुदिक न्हाई.

बाहेर आलो तर चहाच्या गाड्यापाशी त्याच्याकडचे दोन म्हातारे आमच्या अप्पाला, माझ्या वडलांना, घेरून बसलेले. अप्पानं मला जवळ बोलावलं.

"माय, ते दोन लाख द्यायला तयार हायेत. एकदाच. सही करायची, पुढं काई मागायचं न्हाई."

एक म्हातारा म्हणला, "आपल्यात असंच मिटवतात, पोरी. किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवशील?"

"अप्पा, तुमची नात कितवीत हाय?"

"दुसरीत."

"मग सांगा, दोन लाखांत ती कितवीपतूर जाईल?"

अप्पानं चहाचा कप खाली ठेवला. सासूबी तिथंच उभी व्हती, ती मधी पडली. "लाज न्हाई व्हय गं? सोडलेल्या नवऱ्याचा पैसा गोड लागायलाय?"

"नवरा खोटा निघाला, आत्याबाई. पैसा तरी खरा हाय का, बघू द्या की."

तो बाजूलाच उभा व्हता. मला राहवलं न्हाई. मी नाक ओढलं, खिशात रुमाल शोधला, आणि त्याच्याच आवाजात म्हणलं, "मॅडम, माझंच पोट भरंना." चहावाला फस्सकन हसला. मघाचा म्हाताराबी हसला, मग सासूचं तोंड बघून खोकला. मी सही केली न्हाई. घरी जाताना बसमधी अप्पा दुसऱ्या शिटावर जाऊन बसले.

दर महिन्याला पोटगी द्यायची, असा हुकूम झाला. पहिल्या महिन्यात पैसे आले न्हाईत. दुसऱ्यातबी न्हाई. वकीलबाईनं वसुलीचा अर्ज टाकला, वॉरंट निघालं. पोलीस त्याच्या दारात गेले सकाळी अकराला. चार वाजता दोन्ही महिन्यांचे पैसे माझ्या खात्यात.

पाच तास. दोन वर्षं ज्याच्याकडं काई नव्हतं, त्याला पाच तास लागले.

लोक म्हणायलेत, मिळालं की गं, आता कामून धुमसायलीस? म्हणून सांगते. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत फी घेऊन गेले. क्लार्कनं रजिस्टर उघडलंसुदिक न्हाई.

"जागा भरल्या, अक्का. पुढच्या जूनला या."

"दोन वर्षांपासून द्यायचे व्हते हे पैसे," मी म्हणलं.

"मग तवाच द्यायचे की," तो म्हणला.

त्याला काय बोलू? त्याची काय चूक? ज्याला बोलायचं, तो उमरग्यात आरामात झोपायलाय. माझी लेक आता सरकारी शाळेत जाती, मास्तर चांगला हाय, मैत्रिणीबी झाल्यात. पर ते मी निवडलेलं न्हाई. ते त्यानं निवडलं, आणि त्याला हे ठाऊकसुदिक न्हाई.