पदराले धरून चालनारं लेकरू

काय सांगू बाप्पा, ह्या गोदीची झाली तशी फजिती दुश्मनाची बी होऊ नये. पन तुमी चहा टाकलाच हाय, तं सांगतो. फक्त तोंडातला घोट पयले गियून घ्या. मांगं हे सांगता सांगता एका सोयऱ्याच्या नाकातून चहा आला होता. तो अजून माह्या घरी चहा घेत नाई.

माहा किसना तवा सालभराच्या वर झाला होता. इंग्रज जाऊन सोराज येऊन काई वरसं झाली होती, पन शिरपूरच्या बजारात मोटर आली का लोकं अजून दुकान उघडं टाकून पाहाले पळत. तवाची गोष्ट.

तसं पोरगं गुनाचं. सारं येळेवर केलं त्यानं. येळेवर पालथा पडला, येळेवर रांगला. आता रांगला म्हंजे पयले मांगं मांगं रांगे. पुढं खुळखुळा ठेवला का हा मांगं सरके, अन मंग खुळखुळा दूर गेला म्हनून रडे. चुलीतली राख खाल्ली. कोंबड्याचे दाने खाल्ले. एक दिवस सासऱ्याची तमाखू खाल्ली अन ओकून ओकून हासत बसला. दात आले, तं पयले मलेच चावला. सारं झालं. फक्त चालाचं नाव नाई.

शेजारची पोरगी त्याच्याहून लहान. थे आंगनात कोंबडीमांगं पळे. अन हा राजा माह्या काखेत बसून तिचा तमाशा पाहे.

माही सासू, तिले मी आत्याबाई म्हनो. बोलाले अशी का तिच्या बोलन्याची फोडनी द्या भाजीले. थे एक दिवस म्हने, "गोदे, हे पोरगं हाय का गाठोडं? काखेत ठिऊ ठिऊ पाय आळशी केले तुनं त्याचे."

म्यां म्हटलं, "चालन वो. घाई कायची हाय? कुठी कचेरीत जाचं हाय त्याले?"

झालं. बुढीले हेच पाह्यजे होतं.

"आयक मंग," म्हने. "संक्रांतीच्या आंधीचा बजार येऊन राह्यला. तोपर्यंत चालला तं चालला. नाई तं दिवसभर पोरगं माह्यापाशी राईन. मी शिकवतो त्याले. तू जाय एकटी वावरात."

दिवस कापूस वेचाचे. मी त्याले पाठीशी बांधून वावरात नेवो, धुऱ्यावरच्या बाभयीले झोळी टांगो, दोन ओळी वेचल्या का जाऊन पाजो. आता तो घरी अन मी तिकडं कापसात? म्यां हात जोडाले पाह्यजे होते. पन माही जीभ. थे कधी मले इचारते काय?

म्यां म्हटलं, "आत्याबाई, बजाराच्या दिवशी तुमी लिंबाखाली आपल्या बैलबंडीपाशी बसा. सारा बजार आपल्या पायानं चालून तुमचा नातू तुमच्यापाशी येईन. नाई आला तं माहं नाव गोदी नाई."

बोलून तं गेली. मांगं पाह्यलं, तं नातू कोंबडीच्या डालग्याले टेकून माती खाऊन राह्यला होता.

आता मी लहानपनापासून वांड. सरय रस्ता दिसला तरी मी काट्याच्या कुपाटीतून जाईन. म्यां काय केलं, पदराच्या कोपऱ्यात गुळाचा खडा बांधला अन थो कोपरा देला किसनाच्या तोंडात. दोनी मुठीत पदर धरून तो गूळ चोखे. मंग मी हळूच एक पाऊल पुढं सरको. गूळ चालला म्हनून तो उठे. मी दुसरं पाऊल टाको, हा बी टाके. चार दिवसांत पोट्टं पदर चोखत चोखत चुलीपासून गोठ्यापर्यंत याले लागलं.

एकच खोट होती. म्यां मांगं वळून पाह्यलं का तो मटकन खाली बसे अन काखेत घ्याले हात वर करे. पाठ दिसे तोपर्यंत चाले, तोंड दिसलं का लाड. म्हनून म्यां कानाले खडा लावला, काई झालं तरी मांगं पाहाचं नाई.

आत्याबाईच्या भेलीतला गूळ मात्र रोज कमी होये. थे म्हने, "गोदे, भेली कायले झिजून राह्यली व?"

"मुंगळे झाले आत्याबाई."

"असं? मुंगळ्याले बोटं बी असतात काय? भेलीवर उमटली हायेत."

मी चूल फुकत बसली.

बजाराचा दिवस आला. शिरपूरले गेलो. आत्याबाई लिंबाखाली बंडीच्या सावलीत बसली, पान लावलं, अन मले म्हने, "जाय. बांगड्या भर, अन तिथून घेऊन ये त्याले. चालवत. मी इथीसाच हावो."

कासारीन बजाराच्या दुसऱ्या टोकाले. तिथपर्यंत किसनाले काखेत नेलं, बाजूले बसवलं, गुळाचा कोपरा तोंडात देला. कासारनीनं माहा हात धरला. संक्रांतीच्या बांगड्या म्हंजे कशा, हातापेक्षा लहानच पाह्यजे, नाई तं शोभत नाईत म्हने. तिनं असा पंजा दाबला का माह्या डोयातून पानी आलं. म्यां डोये मिटले. मिटाच्या आंधी पोराले पाह्यलं होतं बरं. तेवढी माय हावो मी.

बांगड्या भरून झाल्या. म्यां पदर डोक्यावर नाकापर्यंत ओढला, कारन आमच्या गावचे सारे बुढे तिथी गुळाच्या दुकानापाशी बसले होते. त्यांच्यापुढून सुनेनं मान वर करून जाचं नाई, अन मांगं वळून पाहाचं तं नावच नाई. उठली. पदराले मांगून वढ लागली. म्हटलं, चाल माह्या राजा.

अन निंघाली.

वढ जरा जोराची होती. म्यां म्हटलं, बजाराची हवा लागली पोट्ट्याले. मांगून "म्याऽ" असा आवाज बी आला. किसना मले 'म्या'च म्हने तवा. मी अजूनच फुगली.

गुळाच्या दुकानापाशी आली, तं बुढे हासाले लागले. एक म्हने, "काहून व सूनबाई, लेकरू लय गुनाचं हाय."

म्यां पदरातूनच म्हटलं, "मंग. कोनाचं हाय?"

"तेच इचारून राह्यलो आमी," म्हने. "कोनाचं हाय?"

म्यां मनात म्हटलं, बुढ्याले दिसत नाई. पुढं गेली. एक मिरच्या विकनारी बाई म्हने, "व माय, हे तं चार पायानं चालून राह्यलं."

मले आला राग. "चार पायानं चालाचं सोडलं त्यानं. डोये धुऊन पाह्य जरा."

थे बाई मिरच्याच्या पोत्यावर आडवी झाली. म्यां म्हटलं, जळते लेकाची. तिच्या घरचं चालत नसंन.

तिथून पुढं एक मानूस आडवा आला. म्हने, "बाई, दूध कोनाचं पेते हे?"

असं कोनी इचारते काय बाईमानसाले? म्यां म्हटलं, "माहं पेते. तुले काय करा लागते?"

तो दोन पावलं मांगं सरकला. मंग जरा दबकत म्हने, "विकाचं हाय काय? केवढ्याले देता?"

आता सांगा. म्यां त्याले अशी शिवी देली का माह्या बापानं आयकली असती तं मले माहेरी पानी पाजलं नसतं. तो मानूस हात जोडून बाजूले झाला. अन मी अशी ताठ, छाती काढून, सारा बजार दोनी बाजूनं उभा राहून पाह्यते, हासते, अन मी आपली मनात म्हनून राह्यली, पाहा, पाहा लेकहो, गोदीचं पोरगं कसं चालते ते.

लिंबाखाली आली. आत्याबाई पान चावत बसली होती. म्यां तिच्यापुढं उभी राहून म्हटलं, "घ्या आत्याबाई. आला तुमचा नातू आपल्या पायानं."

आत्याबाईनं पान चावाचं थांबवलं. माह्याकडं पाह्यलं. माह्या मांगं पाह्यलं. मंग म्हने, "गोदे, मले वाटे पोरगं माह्या लेकावर गेलं. हे तं तुह्या बापावर गेलं व."

म्यां मांगं पाह्यलं.

काळं बकरू. कपाळावर पांढरा ठिपका. माह्या पदराचा कोपरा तोंडात, डोये मिटून गूळ चावून राह्यलं. म्यां पाह्यलं तं त्यानं बी माह्याकडं पाह्यलं, अन "म्याऽ" म्हटलं.

हासा, हासा. मी बी हासतो आता. पन तवा एकच ध्यानात आलं. पोरगं कुठी हाय माहं? एवढा बजार, एवढे बैल, बंड्या, घोडे. धड चालता न येनारं लेकरू मी कुठी सोडून आली?

मी पळाली. डोक्यावरचा पदर गेला, बांगड्या फुटल्या, बुढे बसले होते त्यांच्यापुढून उघड्या डोक्यानं पळाली. पदर अजून बकऱ्याच्या तोंडात, म्हनून माह्या मांगं बकरू. बकऱ्यामांगं त्याचा धनी, "माहं बकरू नेलं वो त्या बाईनं" म्हनत. अन त्याच्यामांगं आत्याबाई, जिले जवारी पाखडाले बसलं तं उठता येत नसे, थे दोनी हातानं लुगडं धरून पळून राह्यली, "माहा किसना, माहा किसना." अशी वरात शिरपूरनं ना आंधी पाह्यली ना मांगून.

कासारनीपाशी किसना नाई.

"आत्ता तं इथी होता व माय," थे म्हने. म्यां चहुकडं पाह्यलं. तिकडं मुरमुऱ्याच्या दुकानापाशी लोकाइचा गराडा दिसला. मी मानसं ढकलून आत घुसली.

मंधात किसना. उभा. मुरमुऱ्याच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभा, दोनी मुठी भरलेल्या, नाकाले मुरमुरा चिकटलेला. आमच्याकडं संक्रांतीले लहान लेकराच्या डोक्यावर बोरं-मुरमुरे टाकतात अन बाकीचे पोट्टे ते लुटतात, त्याले लूटच म्हनतात. ह्यानं संक्रांतीची वाट पाह्यलीच नाई. आपली लूट आपनच करून घेतली.

म्यां त्याले उचललं अन अशी रडली का त्याले वाटलं मुरमुरे मांगून राह्यली. त्यानं एक मूठ माह्या तोंडात कोंबली.

मुरमुरेवाला म्हने, "बाई, रडता कायले? काय पोरगं हाय तुमचं. कासारनीपासून इथपर्यंत एकटं आलं. कोनाचं बोट नाई, काई नाई. दोनदा पडलं, उठलं, पुन्हा निंघालं. सारे गिऱ्हाईक हातातलं टाकून पाहे."

म्यां म्हटलं, "चालत आला?"

"चालत. मी काय खोटं सांगतो?"

मिरचीवाली म्हने, म्यां पाह्यलं. बुढे म्हने, आमी पाह्यलं. ज्याले शिवी देली तो बी म्हने, म्यां पाह्यलं. शिरपूरच्या साऱ्या बजारानं माह्या पोराचं पदर सोडून टाकलेलं पयलं पाऊल पाह्यलं. म्यां नाई पाह्यलं. मी तवा लोकाचं बकरू चालवत होती.

त्याले खाली ठेवलं. म्हटलं, चाल रे राजा, एक डाव चाल, मायले दाखव. तो माह्याकडं पाहून मटकन बसला अन हात वर केले.

तेवढ्यात आत्याबाई पोचली. तिले दम लागला होता. तिनं मुरमुरेवाल्याचं आयकलं, साऱ्या बजाराची साक्ष आयकली. मंग खाली वाकून माह्या पदराचा कोपरा हातात घेतला, चोखलेला, चावलेला. नाकाशी नेला, वास घेतला. म्हने, "हे होय काय तुहे मुंगळे?"

मी खाली पाहून बांगड्याचे तुकडे येचत बसली. मले वाटलं, गेलं. आता पोरगं हिच्यापाशी अन मी एकटी कापसात. म्यां रडक्या तोंडानं इचारलं, "मंग आत्याबाई, उद्या मी... एकटीच जाऊ काय वावरात?"

आत्याबाईनं किसनाच्या नाकावरचा मुरमुरा काढला अन आपल्या तोंडात टाकला. म्हने, "नाई बाप्पा. एकटी कशी जाशीन तू? किसनाले ने संगं. तुह्यावर ध्यान ठेवाले कोनी तरी शानं पाह्यजे नं."

किसना आता आजा झाला. माहे गुडघे गेले, तं बजारात तोच मांगून माहा दंड धरून मले चालवते. पन मी दर चार पावलं गेली का वळून पाह्यतो. तो कावते, "माय, मीच हावो नं, मांगं काय पाह्यतं घडी घडी?"

मी म्हनतो, "तू हायेस हे मले मालूम हाय रे. पन मी एक डाव चुकली हावो. एखांदं 'म्याऽ' म्हनून दाखव, मंग खात्री करतो."