उन्हामागे सरकणारी खुर्ची

चार वाजता गॅलरीतलं ऊन कठड्यावरून उतरलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. ऊन रोजच जातं, पण मार्गशीर्ष लागला की वाटतं, आता ते परत यायचं नाही. दुपारभर मी उन्हामागे खुर्ची सरकवत होते.

माझी आईही थंडीत अंगणात असाच पाट सरकवत बसायची. गप्प, वेणीसुद्धा न घालता. "थंडीत ती अशीच असते," घरचे म्हणायचे, आणि होळीपर्यंत तिला कुणी काही विचारायचं नाही.

आतून लेकीचा आवाज आला. ती फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, थंडीत आई अशीच असते."

माझा हात केसांकडे गेला. चार दिवसांचा गुंता होता.

मी आत गेले. म्हटलं, "अशीच नसते गं. मला भीती वाटते."