कोऱ्या छातीचा सेनापती

नगरच्या लष्करी भागात वर्दी शिवणारे एक मास्तर आहेत. ओठात कायम टाचणी, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातूनच येतं. परदेशात वर्षानुवर्षं चाललेलं एक युद्ध मास्तर मोबाईलवर बघतात. "ह्यो तिथला पुढारी. फौजी जाकीट घातलंय, पन बाहीची घडी अजून मोडली न्हाई. पोरं मातर रोज मरत्यात."

ते युद्ध लांबवणाऱ्या सेनापती-पुढाऱ्यांवर आम्ही पथनाट्य बसवलं. त्यातल्या सेनापतीचा कोट मास्तरांकडेच टाकला होता. परवा तो आणायला गेलो, तर त्यांच्या गाळ्याचे मालक समोर बसलेले. हे आमच्याकडचे पुढारी. यांना त्याच युद्धाच्या बाजूनं सभा घ्यायची होती आणि त्यासाठी फौजी जाकीट हवं होतं, छातीवर पदकांच्या रंगीत पट्ट्यांसकट!

"जाकीट शिवतो, सायेब. पट्ट्या कागद बघूनच लावतो."

"कसला कागद?"

"पदक मिळाल्याचा."

"मास्तर, गाळा कुणाचा आहे?"

"तुमचाच. कधी खाली करू, सांगा."

पुढारी तणतणत निघून गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हटलं, "मास्तर, आता माझ्या कोटाला लावा दोन-चार पट्ट्या."

"तुजा कागद?"

"अहो, आमचं नाटक आहे!"

"मग त्यांचं काय हुतं?"

मी कोट उचलला. आमचा सेनापती आता चौकाचौकात कोऱ्या छातीनं उभा राहतो. का, म्हणून कुणी विचारलं, की मी मास्तरांचा नियम सांगतो, छाती पुढे काढून.